पोवळ्याचं स्विस घड्याळ

जेवण अंगावर आलंय, पंखा गरगरतोय आणि दामोदर भाटकर कॉटवर उताणा पडून डोळे मिटतोय. मिटतोय म्हणजे मिटायचा प्रयत्न करतोय. छातीवर घड्याळ ठेवलंय आणि ते टिकटिक करतंय, हीच तर सगळी पंचाईत आहे. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं हे महागडं स्विस घड्याळ खरं असतं, तर त्याचा सेकंदकाटा न अडखळता सरसर फिरला असता. हा टुक, टुक, टुक करत उड्या मारतोय, भिंतीवरच्या स्वस्तातल्या घड्याळासारखा. म्हणजे आत सेलचं मशीन. म्हणजे खोटं.

आणि संध्याकाळी कुमुदवहिनी उत्तर घ्यायला येणार आहेत.

घड्याळ त्यांच्या नवऱ्याचं. रघुवीर पोवळे, रत्नागिरीतला घड्याळजी आणि दामूचा चाळीस वर्षांचा मित्र, चार महिन्यांपूर्वी गेला. जाताना बायकोला सांगून गेला, कपाटातलं हे घड्याळ हीच माझी पुंजी, अडलीस तर दामूलाच वीक, बाहेर कुणाला दाखवू नकोस. परवा वहिनी ते रुमालात बांधून घेऊन आल्या. "भाऊजी, तुम्हाला यातलं कळतं. योग्य काय ती किंमत तुम्हीच सांगा," म्हणाल्या आणि चहा न घेताच गेल्या.

दामूला कळतं, पण ते पाण्यातलं. अठ्ठावीस वर्षं तो बंदरात डायव्हर होता, आणि ती सगळी वर्षं मनगटाला रबरी पट्ट्याचं सरकारी डबडं. असं एक खरं घड्याळ आपल्याला असावं, एवढीच त्याची हौस राहून गेलेली. होडी विकून आलेले पैसे त्यासाठीच बँकेत ठेवलेत. आज सकाळपासून त्याने मोबाइलवर बघून बघून सगळ्या परीक्षा घेतल्या. बायकोच्या, सुलभाच्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. तबकडीभोवतीची कडी फिरवली, ती एकाच बाजूला फिरते, उलटी जात नाही. चादरीत डोकं खुपसून काटे अंधारात चमकतात का तेही बघितलं. सुलभा म्हणाली, "लहान मुलं बरी." सगळं बरोबर निघालं, एक तो सेकंदकाटा सोडला तर. याचा निकाल एकच माणूस लावू शकला असता, आणि तो नेमका आता नाही. दामूला त्याचाच राग येतोय.

टिकटिक लांब जाते. मग आणखी लांब.

पोवळ्याचं दुकान उघडं आहे. पोवळे एका डोळ्याला आयग्लास लावून टेबलावर वाकलाय. दुकानात घोटाभर पाणी आहे आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

"ये. चपला बाहेर काढ."

"बाहेर पाणी आहे."

"आतही आहे. तरी काढ."

दामू चपला काढतो. त्या तरंगत निघून जातात. तो मुठीतलं घड्याळ पुढे करतो. "हे खरं की खोटं, एवढंच सांग."

"कुमुद गुडघ्याला तेल लावते का रे?"

"लावत असतील. मला काय ठाऊक? घड्याळाचं बोल."

"जावयासाठी दुबईहून सोनेरी घड्याळ मागवलं होतंस, आठवतं? मी हातात न घेता सांगितलं होतं, खोटं."

"आठवतं. चारचौघांत सांगितलंस, मेल्या."

शब्द तोंडातून गेल्यावर दामू जीभ चावतो. पोवळे मात्र खुशीत हसतो. "आता म्हणायला काहीच हरकत नाही," तो म्हणतो आणि पुन्हा टेबलावर वाकतो. दामूला वाटतं, याची मानगूट धरावी. आयुष्यभर याचं हे असंच. लोकांच्या घड्याळांवर फटाफट निकाल देणार आणि स्वतःचं काही विचारलं की गुडघे आणि तेल काढणार.

"पोवळ्या, वहिनी येतायत. मी त्यांना काय सांगू?"

"खाली चल, सांगतो."

टेबलाची फळी म्हणजे धक्क्याची पायरी आहे, तिच्याखाली आणखी एक, आणि दोघं बंदराच्या तळाशी गाळात बसलेले आहेत. ज्या पोवळ्याने जन्मात कधी कमरेइतक्या पाण्यात पाऊल टाकलं नाही, तो मांडी घालून आरामात बसलाय. इथे काही दिसत नाही. बंदराच्या गाळात कधीच दिसत नाही, तिथे डायव्हर हातांनी बघतो. साखळी तुटलीय का, बोटीच्या पंख्यात दोर अडकलाय का, सगळं बोटांनी.

"आता बघ," पोवळे म्हणतो. "मागचं झाकण काढलंय."

दामू बोटं फिरवतो. झाकणाच्या आतल्या अंगाला बारीक ओरखडे लागतात. घड्याळ उघडून साफ केलं की घड्याळजी आत सुईने तारीख कोरतो, हे दामूने दुकानात बसून शंभरदा पाहिलंय. एकाखाली एक तारखा आहेत, सगळ्या मोत्यासारख्या. शेवटची मात्र वेडीवाकडी, आकड्यावर आकडा चढलेला, सुई घसरून कडेपर्यंत गेलेली. दामूचं बोट तिथेच थांबतं.

"ही कुणी कोरली?"

पोवळे अंधारात त्याचा हात धरतो. पोवळ्याचा हात थरथरतोय, आवरता आवरत नाहीये.

"कधीपासून?" दामू विचारतो.

"दोन वर्षं होती. गिऱ्हाइकांची घड्याळं गुपचूप चिपळूणला एकाकडे पाठवायचो. हे कसं पाठवणार? माझं स्वतःचं. म्हटलं, शेवटचं एकदा आपल्या हाताने साफ करू. मशीन चिमट्यातून सुटलं आणि शोधता शोधता त्याच्यावर माझाच पाय पडला."

"मग?"

"मग काय? कुमुद रोज संध्याकाळी दिवा लावला की कपाट उघडून बघायची, काटे फिरतायत ना. म्हणून सेलचं मशीन बसवलं. बाकी सगळं खरं आहे."

"बाकीला काय करायचंय? आतलंच गेलं!" दामू ओरडतो. तोंडातून बुडबुडे निघतात. त्याला वाईट वाटतंय आणि त्याहून जास्त संताप येतोय. "आणि हे तू माझ्या गळ्यात मारलंस? सगळ्या गावात मीच सापडलो? मला आयुष्यात एक खरं घड्याळ हवं होतं रे!"

"दुसऱ्या कुणी एका मिनिटात तिला सांगितलं असतं."

"मी सांगणार नाही कशावरून?"

पोवळे घड्याळ हातात घेतो. दोघं पुन्हा दुकानात आहेत, पाणी ओसरलंय, आणि पोवळे टेबलाच्या दिव्याखाली घड्याळ धरून त्याची कडेची चावी उलटी फिरवतोय. एक आटा, दोन, तीन. त्याचा हात आता जराही हलत नाही. चावी सुटते, तो नखाने ती बाहेर ओढतो आणि काटा जागच्या जागी उभा राहतो.

"चावी ओढून ठेवावी. उगाच सेल जातो."

"थांब, माझं अजून बोलून झालेलं नाही. पोवळ्या!"

"अहो, उठा!" सुलभा खांदा हलवतेय. "कुमुदवहिनी आल्यायत. केवढ्याने ओरडताय, बाहेर ऐकू जातंय."

दामू उठून बसतो. घड्याळ छातीवरून मांडीत पडतं. आवाज नाही. सेल संपला असेल, त्याला वाटतं, आणि मग त्याला चावी दिसते. पूर्ण बाहेर आलेली. पाणी जाऊ नये म्हणून ही चावी आट्यांनी घट्ट बसवलेली असते, सोडवल्याशिवाय बाहेर येत नाही. सकाळी त्याने फडकं धरून जोर लावला होता तरी ती जागची हलली नव्हती.

तो बोट चावीजवळ नेतो. नुसतं बोट लावून आत ढकलली, की काटा पुन्हा टुक टुक उड्या मारायला लागेल, आणि बाहेर बसलेल्या बाईला काही सांगायचीसुद्धा गरज उरणार नाही. ती स्वतःच बघेल. नाहीतर होडीचे पैसे जातील आणि हातात येईल मोडक्या हातांचं हे काम. गेलेला माणूस निदान भांडायला तरी समोर हवा होता, असं त्याला फार वाटतं.

"अहो, येताय ना?"

"आलो."

तो चावी तशीच ठेवतो आणि घड्याळ मनगटाला बांधतो. पट्टा त्याला थोडा सैल होतो. ओटीवर कुमुदवहिनी खुर्चीच्या कडेला, पिशवी मांडीवर घेऊन बसल्यायत. त्यांची नजर आधी त्याच्या मनगटाकडे जाते.

"भाऊजी, खरं आहे ना हो? ह्यांचा फार जीव होता त्याच्यावर."

"खरं आहे, वहिनी," दामू म्हणतो. "उद्या सकाळी आपण बँकेत जाऊ."

आणि सदऱ्याची बाही मनगटावरून खाली ओढून घेतो.