कडेची बोटं

संग्रहालयात सगळे त्यांना अंधारमामा म्हणायचे. नोकरीची तेहतीस वर्षं या गृहस्थांनी तळमजल्यावरच्या फोटो धुण्याच्या खोलीत, लाल दिव्याखाली काढली. बाहेर उजेडात आले की डोळे बारीक करून माणसं ओळखायचे. त्यांचं खरं नाव दारावरच्या शिपायालाही पटकन सांगता आलं नसतं. पण संग्रहालयातली एकूण एक वस्तू, मग ती राजाची तलवार असो की फुटक्या बरणीचा कान, मामांच्या कॅमेऱ्यापुढे बसून गेलेली. "माझ्या फोटोत वस्तूशिवाय दुसरं काही दिसलं तर दाखवा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, आणि कुणाची दाखवायची टाप नव्हती.

हा तोरा निम्मा मामींच्या जिवावर होता. मामांच्या हाताखाली मदतनिसाची एक जागा होती, ती कायम रिकामी. एके दिवशी मामी डबा घेऊन आल्या तेव्हा मामा एका मातीच्या सुरईशी झटापट करत होते. वस्तूमागे काळं कापड लागतं. ते स्टँडवर टांगलं की सुरकुत्या पडायच्या आणि सुरकुत्या फोटोत यायच्या. "अगं, जरा धर बघू," मामा म्हणाले. मामींनी कापड दोन्ही कडांना धरून ताणलं आणि स्वतः त्याच्या मागे उभ्या राहिल्या. सुरकुती गायब!

त्या 'जरा'ची सव्वीस वर्षं झाली. हजेरीपटावर मामींचं नाव कधी लागलं नाही. घरची शिवणाची कामं आटोपून त्या अकराच्या ठोक्याला हजर. कापडाआडून तोंडाचा पट्टा चालू असायचा: लेकीच्या दप्तराचा बंद तुटलाय, तुमच्या शर्टाचं बटण लोंबतंय, खालच्या बाई बोलल्या ते तुम्हाला कळलं का. इकडून मामांचं एकच उत्तर, "हलू नकोस."

मामी दिसायच्या नाहीत, पण कापड धरणारी बोटं नेगेटिव्हच्या दोन्ही कडांना यायचीच. फोटो छापताना मामा चौकट अशी सरकवायचे की बोटं बरोबर बाहेर राहावीत. घरी मात्र कॅमेरा आणायचा मुहूर्त त्यांना कधी सापडला नाही. मामींचा लग्नातला एक फोटो होता आणि ओळखपत्रावरचा एक, ज्यात त्या कुणावर तरी रागावल्यासारख्या दिसत.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाल्यावर संग्रहालयातून बोलावणं आलं. नव्या विभागप्रमुख बाई मामांच्या लेकीच्या वयाच्या. "मामा, सगळा संग्रह इंटरनेटवर टाकायचाय. कुणीही बघावं, उतरवून घ्यावं, पुस्तकात छापावं. फुकट. पण तुमची जुनी नेगेटिव्ह सडायला लागलीयत. तुमच्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा धीर होत नाही."

डबे उघडले तर व्हिनेगरचा भपकारा. सडलेली फिल्म शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बाधते, म्हणून स्कॅन झाली की ती नष्ट करायची असं ठरलं होतं. बाईंनी पद्धत समजावली: आधी अख्ख्या नेगेटिव्हची एक प्रत, ती जपून ठेवायची, मग तिच्यावरून कडा कापलेली दुसरी, ती लोकांसाठी. मामांनी मान डोलावली. अंगात मुरलेल्या कारागिराला त्याचंच काम समजावलं की तो मान डोलावतो आणि ऐकत नाही, तसंच झालं.

स्कॅनरवर आधी एक कच्चं चित्र दिसतं आणि केवढा भाग घ्यायचा ती चौकट आपण आखायची. मामांना ते घरच्यासारखं वाटलं. चौकट सरकवायची, बोटं बाहेर ठेवायची, बटण दाबायचं. जे नको ते स्कॅन तरी कशाला करायचं? अख्खी म्हणून ठेवलेली प्रतही बोटांच्या आतूनच कापलेली निघे. हे कुणी तपासलं नाही, कारण मामांचं काम तपासणार कोण?

संध्याकाळी मामी शिवण बाजूला ठेवून विचारायच्या, "किती झाले आज?"

"अठरा."

"आणि ते कुणालाही दिसणार?"

"जगात कुठेही बसून."

"मग माझी बोटं पण दिसतील की हो!"

"छट्! माझ्या हातून एक बोट सुटेल होय?"

मामी हसल्या. "हो, तेही खरंच," म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. मामा अगदी खूष होऊन जेवले.

कामाच्या नवव्या महिन्यात मामी गेल्या. सकाळी छातीत दुखलं, तीन दिवस दवाखान्यात होत्या, चौथ्या दिवशी नव्हत्या. दूरदेशी असलेली लेक आली, पंधरा दिवस राहिली, गेली. घर खायला उठलं तसे मामा पुन्हा कामावर आले. बाई म्हणाल्या, "घाई नाही, मामा." मामा म्हणाले, "घरी काय करू?"

त्या दिवशीचं पहिलं नेगेटिव्ह लाकडी पेटीचं होतं. पडद्यावर कच्चं चित्र आलं. मामांनी सवयीने चौकट ओढली आणि हात तिथेच थांबला. डाव्या कडेला अंगठा होता. शिलाई मशीनची सुई गेली होती तो. नख मधोमध चिरलेलं. मामांनी चित्र मोठं केलं. अंगठ्याच्या पेरावरच्या रेषासुद्धा मोजता येत होत्या. कापड घट्ट धरल्याने टोक पांढरं पडलं होतं. तिला किती जोर लावावा लागत असेल, हे मामांना या वयात, त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा कळलं.

मग त्यांनी जुन्या प्रती उघडायला सुरुवात केली. दहा, वीस, शंभर. सगळ्या स्वच्छ. ते जवळजवळ पळतच बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, झालेली नेगेटिव्ह कुठायत?"

"ती गेली, मामा. मागच्याच महिन्यात नष्ट केली. का? अख्ख्या प्रती आहेत ना आपल्याकडे?"

मामांनी सांगितलं. बाईंनी संगणकावर फायली उघडून पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. "मामा, मी तुम्हाला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. तीन हजार दोनशे फोटो मामांनी स्वतःच्या हाताने निर्मळ केले होते. शिल्लक होता एक डबा. त्यात एक्केचाळीस.

ते एक्केचाळीस मामांनी कडेपासून कडेपर्यंत स्कॅन केले. लोकांसाठीची प्रत कापायची वेळ आली तेव्हा जन्मभर वरिष्ठांपुढे 'हो' म्हणणारा हा माणूस म्हणाला, "या मी कापणार नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगा, पण माझ्यादेखत नको." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तशाच टाकू," त्या म्हणाल्या, "आणि माहितीच्या रकान्यात मामींचं नाव घाला." मामांनी उभ्या आयुष्यात मामींना 'अगं'पलीकडे हाक मारली नव्हती. ते नाव टाइप करायला त्यांना बराच वेळ लागला.

चित्रं सगळ्यांसाठी खुली झाली त्याच दिवशी दुपारी लेकीचा फोन आला. ती हसत होती आणि रडतही होती.

"बाबा, सगळे उतरवून घेतले मी! पेटीवाल्यात आईचा तो अंगठा! मोठा छापून भिंतीवर लावणारे. बाबा, पण एकच विचारायचंय. मी दुसरीत असताना तिच्या एका बोटाला नेलपॉलिश लावलं होतं बघा, तुम्ही ओरडला होतात. 'पुसायचं नाही' म्हणून मी हटून बसले आणि ती तशीच कामाला आली होती. तो फोटो सापडत नाहीये. अजून टाकायचाय का?"

मामांना तो फोटो आठवत होता. हस्तिदंती फण्या, सहा, एका ओळीत. रंगवलेलं बोट इतकं आत आलं होतं की चौकट नेहमीपेक्षा आणखी आत घ्यावी लागली होती. स्कॅन करतानाची, उन्हाळ्यातली गोष्ट. मामी घरी होत्या तेव्हा, शिवत बसलेल्या.

"बाबा? ऐकताय ना?"

"टाकलाय तो," मामा म्हणाले. "फण्यांचा आहे बघ. पण त्यात आई नाही. मी कापली."

"मग मूळ असेल ना?"

"नाही गं. मूळही मीच कापलं. सगळीच."

पलीकडे लेक हुंदके देऊन रडायला लागली, लहानपणी रडायची तशी. अशा वेळी मामी फोन हातातून काढून घ्यायच्या आणि दोन वाक्यांत तिला शांत करायच्या. मामांना त्यातलं एकही वाक्य येत नव्हतं. ते फोन कानाला धरून, न हलता, ऐकत उभे राहिले.