पिशवीचे बारा रुपये

बिलिंग काउंटरवर सहा वर्षं बसलं की माणसांविषयी नवीन काही कळायचं राहत नाही, असा माझा समज होता. मग आमच्या दुकानाने कापडी पिशवीचे बारा रुपये घ्यायला सुरुवात केली आणि किश्श्यांचा नुसता ढीग लागला. पूर्वी मी घरी आले की नवरा चहाचं विचारायचा. आता विचारतो, "आज पिशवीवरून कोण?"

आम्ही मूळचे जळगावचे. नवरा इकडे तमिळ मुलखात, अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, एका कारखान्यात आहे आणि मी तिथून जवळच्याच एका सुपरमार्केटमध्ये. दोन काउंटर. दुसऱ्यावर मी, पहिल्यावर रुक्मिणीअक्का. अक्का तंजावरकडच्या मराठी. घरात बोलतात ते मराठी माझ्या पणजीच्याही आधीचं, आणि रागावल्या की तमिळ.

खरं सांगायचं तर पिशवीने माझी फजिती नोकरीच्या पहिल्याच दिवशी केली होती. एका गिऱ्हाइकाने "कव्हर" मागितलं. मी तत्परतेने स्टेशनरीच्या रॅकवरून पांढरं पाकीट काढून दिलं. त्याने हातातल्या पाच किलो तांदळाकडे पाहिलं, मग पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इथे कॅरीबॅगला कव्हर म्हणतात, हे मला अक्कांनी नंतर सांगितलं. आधी त्यांनी पोटभर हसून घेतलं.

०

प्लास्टिकवर बंदी आली तेव्हा मालक कापडी पिशव्या फुकट देत होते. फुकट होत्या तोवर त्यांना कोणी नावं ठेवली नाहीत. बारा रुपयांचा बोर्ड लागला आणि एका दिवसात त्या पातळ, बेढब आणि लवकर उसवणाऱ्या झाल्या.

रंगनाथन सार (इथे सरांना सार म्हणतात) म्हणून एक रिटायर्ड इंजिनिअर येतात. महिन्याचा किराणा भरला, बिल चुकतं केलं आणि पिशवीला मात्र ठाम नकार दिला. बारा रुपयांचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे, म्हणाले. सामान आमच्या काउंटरपाशी ठेवून त्यांनी एकेक वस्तू छातीशी धरून घरी न्यायला सुरुवात केली. घर दोन गल्ल्या पलीकडे. ऊन असं की कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. पहिल्या खेपेला तेल आणि डाळी, दुसऱ्या खेपेला साबण आणि रवा. तिसऱ्या खेपेला ते घामाने निथळत आले तेव्हा हातात पिशवी होती. आमच्याच दुकानाची, करकरीत नवी.

मी म्हटलं, "सार, घरी होती तर आधीच आणायची ना."

"अशा एकवीस आहेत," ते म्हणाले. "पण वापरली की मळते."

०

दुसरे गृहस्थ आपल्याकडचे. नाशिकचा मुलगा, इथल्या आयटी कंपनीत नुकताच लागलेला. त्याने मला फोनवर मराठीत बोलताना ऐकलं आणि त्याचा चेहरा असा खुलला की मलाच बरं वाटलं. गाव कुठलं, घर कुठे, पोळ्यांना बाई मिळते का, सगळं विचारून झालं. मग बिलात पिशवी दिसली. परक्या मुलखात आपण मराठी माणसांनी एकमेकांना धरून राहायला हवं, असं तो मला समजावू लागला. धरून राहायचं म्हणजे बारा रुपये सोडून द्यायचे, एवढाच त्याचा अर्थ होता.

मी नियमाकडे बोट दाखवलं. तेव्हा तो शेजारच्या काउंटरवर अक्कांकडे वळला आणि मोडक्या तमिळमध्ये विनवू लागला. अक्कांनी त्याला पूर्ण बोलू दिलं.

मग म्हणाल्या, "मराठींत सांगा हो, कळतं. आम्हीहि मराठीच. तुमच्या अगोदर आलों, साडेतीनशें वर्षं जाहलीं. आम्हांसहि कोणी पिशवी फुकट दिली नाहीं."

त्याने बारा रुपये दिले. त्यानंतर तो नेहमी अक्कांच्याच रांगेत उभा राहतो.

०

कुरकुर वाढली तशी मालकांनी, म्हणजे सेल्वम सारांनी, लोकमत घ्यायचं ठरवलं. दारात वही ठेवली. नाव, फ्लॅट नंबर आणि मत. आठवडाभरात वही पर्यावरणप्रेमाने ओथंबली. पैसे घ्यावेत, जरूर घ्यावेत. एकाने तर पंचवीस करा असं लिहिलं. तेच गृहस्थ त्याच संध्याकाळी माझ्याशी पिशवीवरून भांडून गेले.

मालकांना शंका आली. पुढच्या आठवड्यात त्यांनी वही उचलून बंद पेटी ठेवली, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. आता सगळी मतं उलटी. पैसे घेऊ नयेत, ही लूट आहे. एका चिठ्ठीवर नुसतं 'उडीद डाळ अर्धा किलो' होतं. ते मत मालकांनी तटस्थ धरलं.

बारा रुपये चालू राहिले.

०

त्यानंतरचं प्रकरण मात्र हसण्यावारी गेलं नाही. जवळच्या सोसायटीतल्या कल्याणी मामी मुलीच्या होणाऱ्या सासूला घेऊन आल्या. काजू, बदाम, भारीतलं तूप, असं दाखवायचं सामान घेतलं. अक्कांनी सवयीने विचारलं, पिशवी हवी का, बारा रुपये पडतील. मामींच्या मते त्यामुळे विहीणबाईंसमोर त्यांची शोभा झाली. बारा रुपयांचाही विचार करणारं घर, असं दिसलं म्हणे. तक्रारवहीत त्यांनी दीड पान लिहिलं. अक्का उद्धट आहेत, हे त्यात चार वेळा होतं.

अक्कांच्या नावावर ही दुसरी तक्रार. मालकांनी त्यांना आत बोलावून सांगितलं, की आणखी एक आली तर माझा नाइलाज होईल. अक्कांना नवरा नाही. मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सगळं या पगारावर. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मी दहीभात पुढे केला, तर म्हणाल्या, "मी काय चुकीचं विचारिलें, ते तरी सांग."

दुसऱ्या दिवसापासून अक्का हसून पिशवी विचारू लागल्या. तिघांनी त्यांना बरं नाही का म्हणून विचारलं.

०

मालकांना ते हसणं पसंत पडलं नाही. गोड कसं बोलायचं ते मी दाखवतो, म्हणाले, आणि रविवारी सकाळी, ऐन गर्दीत, स्वतः पहिल्या काउंटरवर बसले. अक्कांना मागे स्टुलावर बसवलं, बघून शिकायला.

पहिल्या चार गिऱ्हाइकांना त्यांनी हात जोडून पिशवीचं विचारलं. पाचव्याने पिशवी उलटी करून शिवण तपासली. सहाव्या बाईंनी बिल झाल्यावर दोन पिशव्या परत केल्या, मग एक परत मागितली. सातव्याने विचारलं, पिशवीवर जाहिरात तुमच्या दुकानाची, मग पैसे मी का द्यायचे. मालकांचे हात आता जोडलेले नव्हते. आठव्या आजोबांना एका नारळासाठी फुकट पिशवी हवी होती. मालक ताडकन म्हणाले, "हातात धरून न्या. नारळच आहे, हत्ती नाही."

आजोबा नारळ काखेत मारून तक्रारवहीपाशी गेले आणि उभ्याउभ्याच लिहू लागले. जाताना अक्कांजवळ थांबून हळूच म्हणाले, "नवा माणूस ठेवलाय वाटतं. मालकांना सांगा, याला काउंटरवर बसवू नका."

अक्कांनी मान डोलावली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मालकांनी वही मागवली. आजोबांचं पान दोनदा वाचलं. मग माझ्याकडून पेन घेतलं, त्याच्याखाली 'संबंधिताला समज दिली' असं लिहून सही केली, आणि खुर्ची अक्कांकडे सरकवली.