भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

बातमी आली तेव्हा मी मस्कतमधल्या गाला भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये अॅल्युमिनियमची पट्टी कापत होतो. मशीनच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. आमचा ड्रायव्हर रशीदभाई माबेलाच्या साइटवरून दोनतीनदा लावत होता. शेवटी मशीन बंद करून मी उचलला तर तो एवढंच म्हणाला, "मिस्त्री गिर गया, भाई... माप ले रहा था, टेप हाथ में था." मिस्त्री म्हणजे गोपाळकाका; मला वाटलं शिडीवरून पडले. पाय मोडला असेल, पट्टी घालतील, आठवडाभर खोलीत बसतील आणि मला शिव्या देतील. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा कळलं की पडायच्या आधीच सगळं संपलं होतं. गोपाळकाकांचा टेप रशीदभाईने खिशात घालून आणला होता. तो त्याने माझ्या हातात दिला. "खलास," म्हणाला, आणि मग तोंड फिरवून उभा राहिला.

गोपाळकाका माझे सख्खे काका नव्हेत. आमच्या वाडीतले, चार घरं सोडून राहणारे. नववीतून शाळा सुटल्यावर मी गावात नुसता फिरत होतो, तेव्हा त्यांनी अर्बाबाच्या, म्हणजे तिथल्या मालकाच्या, पाया पडून (हे त्यांचेच शब्द) माझा व्हिसा काढला. मी मस्कतला आलो तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. इंग्रजी-अरबी कागदावर सही करायची भीती, मशीनची भीती, चूक झाली तर पुढच्या विमानाने परत पाठवतील ही तर रोजचीच. पहिल्या रात्री हमरिया भागातल्या आमच्या खोलीत मी बॅग न उघडता तशीच उशाला घेऊन पडलो होतो. काकांनी ताटात भात वाढला, वर बांगड्याचं तिखलं ओतलं आणि म्हणाले, "जेवलंस काय? नाय ना? मगे आधी जेव. घाबरूचा काम उद्या कर." त्यानंतरची इतकी वर्षं त्यांनी मला जेवलास का हे विचारल्याशिवाय स्वतःच्या ताटाला हात लावला नाही. मी आज जो काही आहे तो त्या भातावर आहे, हे लिहिताना लाज वाटत नाही. लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची.

काका प्यायचे. शुक्रवारी दुपारी, सुट्टीच्या दिवशी. मस्कतमध्ये बिगरमुस्लिम माणसाला दारू घ्यायची तर पोलिसांचा परवाना लागतो. कंपनीचं पत्र लागतं, फोटो लागतो, पगार बघून किती घ्यायची ते ठरतं. आमच्यासारख्यांना तो मिळण्यातला नव्हता, खोलीत एकट्या काकांकडे होता. दुकानही असं की बाहेर ठळक पाटी नाही, मागच्या बाजूने जायचं, काळ्या पिशवीत घेऊन सरळ घरी यायचं. खोलीत आल्यावर काका आपली पांढरी प्लास्टिकची खुर्ची उचलायचे, एक हात तुटलेली आणि तारेने बांधलेली, ती कोपऱ्यात नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवायचे आणि आमच्याकडे पाठ करून बसायचे. पाय लांब करून समोरच्या भिंतीला लावायचे. आम्ही पाचजण मागे टीव्ही बघत असू. कधी कोणी चेष्टा केली, "काका, भिंतीवर काय पिक्चर चाललाय?" तर न वळता म्हणायचे, "हयसर एकच पिक्चर. तुमी तुमचो बघा." ग्लास धुऊन पालथा घातल्यावरच खुर्ची फिरायची. पोरांनी बघू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. एकदाही कोणाला घोटभर देऊ केली नाही.

एके वर्षी गणपतीसाठी आम्ही दोघं थोडे आधीच गावी गेलो, म्हणून पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला सापडलो. शाळेच्या व्हरांड्यात झेंड्यानंतर सभा बसली. नळपाणी झालं, स्मशानाच्या रस्त्यावर भांडण झालं आणि मग सरपंचांनी पुढचा विषय वाचला : किराणा दुकानाला लागून बिअर शॉपी काढण्यासाठी ग्रामपंचायतीची ना हरकत. अर्ज माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा होता. दुकान आमचं, माझ्या मस्कतच्या पगारातून उभं राहिलेलं. म्हणजे खरं तर काकांनी काढलेल्या व्हिसातून. अण्णाने अर्जाचं मला फोनवर सांगितलं होतं, पण एवढ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. दुकानाच्या पडवीत भिंत घालून वेगळा गाळा करायचा, गोळ्याबिस्किटांच्या बरण्यांना लागूनच. मागे ताडपत्रीवर बसलेल्या बायकांत कुजबुज झाली, पण उठली कोणीच नाही. कारण अण्णाच्या दुकानावर सगळ्यांची उधारी.

मग काका उठले. मला वाटलं नळाचं काही बोलायचं राहिलं असेल. ते पुढे गेले, सरपंचांच्या टेबलाजवळ उभे राहिले आणि बायकांच्या बाजूला तोंड करून म्हणाले, "मी पितंय. मस्कतात. बायलेक म्हायत आसा, चेडवाक नाय." त्यांची मुलगी माया माहेरपणाला आली होती, तिथेच काकीच्या शेजारी बसली होती. आमच्याकडे पाठ करून पिणारा माणूस... सगळ्या गावाकडे तोंड करून उभा होता.

अण्णा हसला. त्याला टाळ्या घेता येतात. "गोपाळकाकानू, थय तुमी थंडगार पियालात आणि हयसर येवन आमका कीर्तन?" पुरुषांत हशा झाला. काकाही थोडे हसले. "म्हणान तर सांगतंय," म्हणाले आणि पाकिटातून तो परवाना काढून वर धरला. "ह्यो बघा. माझो फोटो. परक्या मुलखात पियाक सायबाचा पत्र लागता, पोलिसांचो शिक्को लागता, चोरासारख्या मागच्या दारान जावचा लागता. तरी मी जातंय. एवढी वायट सवय ती. आणि तू ती पोरांच्या गोळयेच्या बरणीशेजारी मांडतलंस?"

अण्णाने माझ्याकडे बोट केलं. "विचारा माझ्या भावाक. एकाच खोलयेत ऱ्हवतत. हे किती पितत ता तोच सांगात."

सगळी सभा माझ्याकडे वळली. मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. दर शुक्रवारी भिंतीकडे तोंड करून बसतात, मला भात वाढतात, एवढंच. पण एका बाजूला भाऊ आणि दुसऱ्या बाजूला काका, आणि मी पायाखालची फरशी बघत बसलो. काकांनीच मला सोडवलं. "त्याका कित्याक विचारतंस? तेणा कधी बघूक नाय. मी भिंतीकडे तोंड करून बसतंय." यावर तर आणखीच हशा झाला. माया उठली आणि घरी निघून गेली.

त्या दिवशी ठराव बारगळला. विरोधात बायकांचे हात वर आले, आधी काकीचा. पण आम्ही मस्कतला परतल्यावर काही महिन्यांनी अण्णाचा खुशीत फोन आला, पंचायतीने मासिक सभेत ना हरकत दिली म्हणून. मी ते काकांना सांगायला घाबरत होतो. तेच संध्याकाळी कांदा चिरता चिरता म्हणाले, "अण्णाक सांग, बोर्ड तरी जरा बारको लाव." आणि मग, "जेवलंस काय?" त्यांनी मला त्या सभेबद्दल कधीही काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. बोर्ड अण्णाने मोठाच लावला, आतून दिवे असलेला. माया मात्र बापाशी नीट बोलायची थांबली. सभेतली गोष्ट तिच्या सासरी पोचली होती आणि तिथे तिला "बेवड्याचा चेडू" म्हणून चिडवत. काका तिला दर शुक्रवारी फोन लावायचे. ती आईकडून निरोप द्यायची.

काकांना गावी पाठवायला कागदपत्रांत बरेच दिवस गेले. मला सुट्टी मिळाली नाही. अॅम्ब्युलन्स आमच्या दुकानावरूनच गेली. अण्णाने फोनवर सांगितलं, "दोन्ही शटर खाली ओढलंय. बोर्डाचे लायटी पण बंद केलंय." त्याला वाटत होतं मी बरं केलंस म्हणेन. मी म्हणालोही... काय करणार, भाऊ आहे.

आणि मागच्या शुक्रवारी मायाचा फोन आला. ती माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा फोनवर बोलली असेल. बराच वेळ इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हणाली, "दादा, खरं सांगा. बाबा खरंच भिंतीकडे तोंड करून बसायचे? की सभेत आपलं हसं होऊ नये म्हणून बोलले?"

"खरंच बसायचे," मी म्हटलं. "एकदाही आमच्याकडे वळले नाहीत."

ती हळूच म्हणाली, "मग तेव्हा का नाही बोललात?"

मी पुन्हा पायाखालची फरशी बघत बसलो. तिने पुन्हा विचारलं नाही. बापाचीच मुलगी. फक्त म्हणाली, "ती खुर्ची आहे का अजून? फोटो पाठवा."

खुर्ची आहे. काका गेल्यावर ती आम्ही पुन्हा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली, तेव्हापासून कोणी फिरवलेली नाही. जागा अडते म्हणून सगळे कुरकुरतात, पण बाजूने जातात. फोटो काढायला गेलो तर समोरच्या भिंतीवर, रंगावर दोन काळपट डाग दिसले, काकांच्या टाचांचे. इतक्या वर्षांत आम्ही त्यांची पाठच बघत आलो, भिंत कधी बघितली नव्हती. मी डागांसकट फोटो काढला, मायाला पाठवला आणि मग त्या खुर्चीत बसून पाहिलं. मागे टीव्ही चालू होता. मी पाय लांब केले, आणखी लांब केले, खुर्चीच्या कडेपर्यंत सरकलो. डागांपर्यंत ते पोचले नाहीत.