दोर माझा, पोहरा तिचा

त्या दिवशी विहिरीवर आम्ही तिघीच होतो. मी, वरच्या आळीची गोदा, आन् तिच्या कडेवर तापानं फणफणलेली लेक.

आज नातीचा कॉम्प्युटर अडकला, तवा ती विहीर आठवली. नात म्हणाली, “आजी, आतल्या दोन कामांनी एकेक कुलूप धरलंय. दोघांनाही दोन्ही पायजेत. सोडत कुणीच नाही.”

आमचं तसंच झालं होतं. दुष्काळ होता, तळाला वाटीभर पाणी. आधी काढील तिला नितळ, मागनं काढील तिला गाळ. दोर माझा, पोहरा गोदाचा.

“पोहरा दे.”

“आधी दोर टाक, महाराणी!”

ऊन डोक्यावर आलं तरी घागरी कोरड्याच. मग पोर रडायचीच थांबली. मी दोर गोदाच्या हातात दिला. पोर पाणी प्याली, डोळे उघडले. मला गाळ आला, तो फडक्यातून गाळून आम्ही घरी प्यालो.

पुढं आम्ही ठरवलं, भांडण अडलंच तर कठड्याची सावली पायरीला लागली की हातातलं खाली ठेवायचं, मग कुणाचंही खरं असू दे. नातही आता तिच्या कामांना तशीच वेळ बांधून देतीय.

तुम्हीबी काही धरून उभे असाल, तर कधी सोडायचं ते आधीच ठरवा, बाबांनो.