क्रोमिकने धुतलेल्या बाटल्या

काच स्वच्छ झाली की नाही, हे अंबादास नुसतं बघून ठरवत नाहीत. ते तिच्यावरून पाणी सोडतात. पाण्याचा सलग पडदा खाली उतरला तर काच स्वच्छ. कुठे एक थेंब अडून राहिला तर पुन्हा धुवायची. विलेपार्ल्याच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एकतीस वर्षं त्यांची हीच कसोटी आहे. परीक्षेच्या दिवशी मुलं विचारून घेतात, "हे ब्युरेट मामांनी धुतलेलं आहे ना?"

या कीर्तीचं गुपित कपाटामागच्या चिनी मातीच्या बरणीत होतं. बरणीत क्रोमिक, म्हणजे क्रोमियमचं तांबडंलाल, जहाल ॲसिड. काच त्यात रात्रभर बुडवली की तिला चिकटलेलं काहीही उरत नाही. नव्या प्राध्यापकांनी ते कधीच बंद केलं होतं. विषारी आहे, साबण वापरा म्हणाले. अंबादास साबण वापरू लागले. बरणी मात्र जिथल्या तिथे राहिली.

रेवती मॅडम संशोधनासाठी कॉलेजात आल्या त्याला दोन वर्षं झाली. सायट्रिक ॲसिड तापवून त्यांनी कार्बनचे कण तयार केले होते, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी बसावेत. दिसायला फिकट पिवळं पाणी, पण अतिनील दिव्याखाली धरलं की निळं चमकायचं. त्यात क्रोमियम असलेलं पाणी घातलं की चमक मंदावायची. किती मंदावली ते यंत्र आकड्यात सांगायचं, पण पुठ्ठ्याच्या खोक्यात डोकावलं तर नुसत्या डोळ्यालाही फरक कळायचा.

अंबादासनी एकदा डोकावून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, आमच्या चाळीतल्या विहिरीचं पाणी बघाल?"

ही चाळ घाटकोपरला, डोंगराच्या पायथ्याशी. विहीर अंबादासच्या वडिलांनी आणि आणखी पाच जणांनी रविवारच्या सुट्ट्यांत खणलेली. सहाही जण अशा गावांतून आलेले, जिथे पाणवठ्याला त्यांचा हात चालत नव्हता. पुढे नळ आला, तरी विहीर चालू राहिली. नळ कोरडा असेल त्या दिवशी तिचंच पाणी उकळून प्यायचं. तीन वर्षांपूर्वी विहिरीशेजारी गुणाजीने गाळा घेतला. नळाच्या तोट्यांवर क्रोमचा मुलामा द्यायचा कारखाना, पाच कामगार. तेव्हापासून अंबादासच्या मनात शंका होती.

नमुन्यांसाठी मॅडमनी प्लास्टिकच्या नव्या बाटल्या दिल्या. पण आपल्या विहिरीचं पाणी असं प्लास्टिकमधून न्यायचं, हे अंबादासना पटेना. त्यांनी घासून खरबरीत केलेल्या काचेच्या बुचांच्या चार जुन्या बाटल्या काढल्या, रात्रभर क्रोमिकमध्ये ठेवल्या आणि पडदा उतरेपर्यंत धुतल्या. तीन विहिरीवर भरल्या, चौथी कोरीच राहिली. मेट्रोच्या दारात बाटल्या बघून रखवालदार म्हणाला, "पी के दिखाओ." अंबादास तसेच मागे फिरले आणि बसने गेले.

तिन्ही नमुन्यांनी चमक मंदावली.

"मामा, हे चांगलं नाही," आकडे लिहून घेत मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी वॉर्ड ऑफिसला पत्र देते."

अंबादासनी घरी बायकोला, शकुला, सांगितलं. शकुने नळावर सांगितलं. दोन दिवसांत चाळीची बैठक भरली आणि ठरलं: विहिरीवर स्लॅब टाकायचा, गाळा बंद करायला लावायचा. बैठक उठली तसा गुणाजी अंबादासच्या दारात येऊन उभा राहिला. रागावला की तो मालवणीवर यायचा.

"गटारात थेंब सोडूक नाय मी. सगळा ड्रममध्ये भरून गाडयेत देतंय. कागद दाखवू?"

"मला काय दाखवतो? मशीन सांगतंय, गुणाजी."

"मशीन! तुझ्या नळाचा पाणी घाल त्या मशीनीत. तेचा बिल पण माझ्याच नावार फाड."

"बोलू दे त्याला," आतून शकु म्हणाली. "चोराच्या उलट्या बोंबा."

पण अंबादासना त्या बोलण्यात खोट सापडेना. तुलनेसाठी साधं पाणी लावायचं, हे तर पहिल्या वर्षाच्या मुलांनाही शिकवतात. दुसऱ्या दिवशी मॅडम यायच्या आधी त्यांनी चौथ्या बाटलीत प्रयोगशाळेच्या नळाचं पाणी भरलं. बूच लावून, हलवून, तासभर ठेवलं. मग मॅडम घालायच्या तेवढंच पाणी त्या कणांत घातलं आणि खोक्यात डोकावले.

चमक मंद.

त्याच नळाचं पाणी त्यांनी प्लास्टिकच्या बाटलीतून घातलं. निळा उजेड होता तसाच राहिला.

अंबादास स्टुलावर बसले. बाटलीचं बूच काढून बोटाने त्याची खरबरीत कड चाचपली. त्या बारीक खाचांमध्ये क्रोमिक राहिलं होतं. पाण्याचा पडदा काचेवरची चरबी गेली की नाही ते सांगतो. क्रोमियम गेलं की नाही ते सांगत नाही. एकतीस वर्षं कोणी त्यांना तो प्रश्न विचारला नव्हता.

बरणीबद्दल कोणाला ठाऊक नव्हतं. गुपचूप दुसरं पाणी आणून 'मॅडम, एकदा पुन्हा बघा' म्हटलं असतं तरी विहीर वाचली असती. पण मग दोन वेळचे आकडे जुळले नसते, आणि दोष त्या कणांवर गेला असता. मॅडमची दोन वर्षं त्या कणांत गेली होती.

रेवती मॅडम आल्या तेव्हा टेबलावर बरणी, चारही बाटल्या आणि खोकं मांडून ठेवलेलं होतं.

"क्रोमिक?" त्या दचकल्या. "आपल्याकडे अजून आहे हे?"

"माझ्याकडे आहे. विहिरीच्या बाटल्या यातच धुतल्या होत्या."

मॅडमनी वही काढून तीन आकड्यांवर रेघ मारली, शेजारी कारण लिहिलं. "मला प्लास्टिकचं कारण सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आणि कोऱ्या बाटलीची चाचणी मीच घ्यायला हवी होती. पत्र थांबवते. नमुने आज पुन्हा घेऊ."

या वेळी त्या स्वतः आल्या. विहिरीत तीन वेगवेगळ्या खोलीवरून नव्या बाटल्यांत पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी तिन्ही नमुने निळे चमकले; आकडे नळाच्या पाण्याइतकेच. "हे फक्त क्रोमियमपुरतं," मॅडमनी बजावलं. "जंतूंचं मला माहीत नाही. पाणी उकळूनच प्या."

त्या संध्याकाळी चाळीची बैठक पुन्हा भरली. अंबादास उभे राहिले. "विहिरीत काही नव्हतं. माझ्या बाटल्यांना होतं," ते म्हणाले, आणि बरणीपासून सगळं सांगितलं. कोणीतरी मागून हसलं. स्लॅबचा ठराव रद्द झाला. तरी दुसऱ्या दिवशी विहिरीवर कोणी फिरकलं नाही. बायका नळाच्याच रांगेत राहिल्या. रांगेत शकुही होती. नवऱ्याकडे बघून ती म्हणाली, "एवढ्या लवकर कशी जाऊ? तुमचंच ऐकून सोडली ना विहीर!"

अंबादासनी कळशी घेतली आणि एकटेच विहिरीवर गेले. दोर सोडत असताना गाळ्यातून गुणाजी बाहेर आला. हात पुसत कठड्याशी उभा राहिला, वर आलेली कळशी त्याने ओढून घेतली आणि तिच्यात वाकून पाहिलं.

"कळशी कशानं धुतलंस, तां आधी सांग."

"राखेनं," अंबादास म्हणाले.

गुणाजीने कळशी उचलली आणि अंबादासच्या घराकडे चालू लागला, नळाच्या रांगेसमोरून, मुद्दाम सावकाश.