नदी चढतेय, हे सांगायचं कुणी?

मकरंदराव भित्रे होते, आणि ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर बेमालूम लपवून ठेवली होती. अगदी बायकोपासूनसुद्धा. क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागातल्या ज्या कारखान्यात ते इलेक्ट्रिकल पॅनेलं तपासत, तिथे त्यांची ख्याती थंड डोक्याचा माणूस अशी. कसलं थंड डोकं! काळजाचं पाणी पाणी झालेलं असायचं, फक्त तोंडातून शब्द फुटत नसे.

याचं श्रेय त्यांच्या आईला. शांताबाईंच्या घरात वाईट बोलायला बंदी होती. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. तेल संपलं म्हणायचं नाही, तेल आणायला हवं म्हणायचं. "वास्तुपुरुष सारखा तथास्तु म्हणत असतो रे," त्या बजावत, "नेमकं त्याच वेळी तुझ्या तोंडून काही वेडंवाकडं निघालं तर?" पुढे मकरंदराव इंजिनिअर झाले, पुणं सोडून इथे क्राइस्टचर्चला आले, आई गेल्या, चारचौघांत ते देवाधर्माची टिंगलही करू लागले. पण हे एक काही सुटलं नाही. क्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर ते कित्येक महिने बूट घालून झोपत होते. बायकोने, निवेदिताने, विचारलं तर म्हणत, "पाय गार पडतात गं."

अशा माणसाला त्यांच्या लेकीने, इरावतीने, साठीची भेट म्हणून काय द्यावं? ट्राउट मासे पकडायचा एक अख्खा दिवस. गाईड बरोबर, बाकी कुणी नाही, आणि उभं राहायचं ते थेट नदीच्या पाण्यात. ती राहायची त्या पोरिरुआहून तिचा फोन आला. "Baba, you'll love it. Just say yes."

"मासा धरायचा आणि परत सोडून द्यायचा?" निवेदिता म्हणाली. "मग धरायचा कशाला? त्याला बिचाऱ्याला उगाच ताप."

मकरंदरावांना पोहता येत नव्हतं. ते म्हणाले, "मस्त आयडिया आहे."

ग्लेन हा गाईड चाळिशीचा, उन्हाने रापलेला, भला माणूस होता. त्याने मकरंदरावांना छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली, वरून पट्टा करकचून आवळला आणि विचारलं, "पाण्याची भीती नाही ना?"

"Sweet as," मकरंदराव इथल्या लोकांच्या भाषेत म्हणाले, म्हणजे एकदम झकास.

नदी म्हणजे एक धार नव्हती. गोट्यांच्या रुंद पात्रात पाच-सहा प्रवाह वेगवेगळे धावत होते आणि मध्येमध्ये गोट्यांचीच बेटं. त्यांतल्या मोठ्या प्रवाहातून ग्लेनने त्यांना हात धरून पलीकडच्या बेटावर नेलं. पाणी गुडघ्याच्या जरा वर, हिरवं आणि इतकं नितळ की तळाची वाळू दिसावी. पण ओढ अशी, की प्रत्येक पाऊल टाकताना कुणीतरी खालून पाय पळवतंय. बेटावर पोचल्यावर मकरंदरावांनी हसून अंगठा वर केला. त्यांच्या पाठीवर घामाची धार लागली होती.

ग्लेनने त्यांना पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद कशी टाकायची ते शिकवलं. मकरंदराव ती टाकत होते, पण त्यांचं लक्ष परतीच्या वाटेवर होतं. कुठेही गेलं की आधी बाहेर पडायचं दार हेरून ठेवायचं, ही त्यांची सवय. इथे दार म्हणजे ज्या जागी ते पाण्यातून वर आले ती जागा, आणि तिची खूण म्हणजे बेटाच्या काठावरचा एक पांढरा चपटा दगड. दगड कोरड्यावर होता. मकरंदराव माशी टाकत आणि दगडाकडे बघत.

दुपारी गरम वारा सुटला. डोक्यावर आकाश निळंशार होतं, पण मागे इथल्या आल्प्सच्या रांगेवर काळं दाटून आलं होतं. तिथे पाऊस कोसळत असणार. मकरंदरावांनी दगडाकडे पाहिलं. त्याला पाणी टेकलं होतं.

ग्लेनला दिसत असेलच, त्यांनी स्वतःला समजावलं. त्याचा तर हा रोजचा धंदा. पण ग्लेन पुढे वाकून एका खडकामागच्या भल्यामोठ्या माशाकडे टक लावून बसला होता. जगात त्याच्यासाठी दुसरं काही उरलं नव्हतं. "तुमच्या नशिबाचा मासा आहे हा," तो कुजबुजला. "जरा डावीकडे टाका."

नदी चढतेय. दोनच शब्द होते. ते मकरंदरावांच्या जिभेवर आले आणि त्यांनी ते गिळले. इथे, नदीच्या मधोमध, असलं काही बोलायचं? आणि त्याच क्षणी कुणी तथास्तु म्हटलं तर?

म्हणून ते म्हणाले, "ग्लेन, चहा पलीकडे जाऊन घ्यायचा का?"

"एक मिनिट हं. खायला वर येतोय तो."

आता पाण्याचा हिरवेपणा गेला होता. तांदळाच्या धुवणासारखं ते पांढुरकं झालं. एक काटकी वाहत गेली. मग एक फांदी, पानांसकट. दगडाच्या चारही बाजूंनी पाणी खेळत होतं. मकरंदरावांनी टाकलेली दोरी पाण्यात गोळा होऊन पडली.

"ऊन फार झालं नाही का? निघू या का हळूहळू?"

"शेवटची एकदा टाका," ग्लेन मान न वळवता म्हणाला.

मकरंदरावांनी वळून पाहिलं तर दगड नव्हता.

मग मात्र त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते बोलणं नव्हतं, किंकाळी होती. "The river is rising! We are going to die!"

ग्लेन वळला. त्याने पाणी पाहिलं आणि त्याच्या रापलेल्या तोंडावरचा रंगच उडाला. एक सणसणीत शिवी हासडून तो उठला. बेटावर थांबून वायरलेसवर हेलिकॉप्टर बोलवावं, तर ते येईपर्यंत बेटच उरणार नव्हतं.

"रॉड टाका. हात माझ्या पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्यात घाला, घट्ट. मी प्रवाहाच्या वरच्या बाजूला राहतो." त्याचा आवाज एकदम सपाट झाला होता. "आणि बोलत राहा. पाय सुटायला लागला की सुटतानाच सांगा, सुटल्यावर नाही. गप्प बसलात तर मला कळणार नाही, आणि आपण दोघंही जाऊ."

पाणी मांड्यांना लागलं, मग कमरेला. खाली गोटे एकमेकांवर आपटत घरंगळत होते, त्यांचा खडखडाट पायांतून वर येत होता. मकरंदराव बोलू लागले. आधी इंग्रजीत. "Left foot is slipping." ग्लेन त्यांच्यावर रेलला, पाय रोवला, पाऊल टिकलं. "Stone is moving. I can't hold." ग्लेन थांबला, पुन्हा रेलला. मग इंग्रजी संपलं. "पाय सुटतोय. बुडणार मी. नाही जमत, वाहून जाणार, मरणार!" जे आयुष्यभर तोंडातून निघू दिलं नव्हतं, ते सगळं ते त्या नदीच्या तोंडावर ओरडत होते. ग्लेनला एक अक्षर कळत नव्हतं, पण आवाज चढला की तो पाय रोवत होता. एकदा दोन्ही पाय खरंच सुटले. बर्फाचं पाणी गळ्यापर्यंत आलं, पट्टा हातातून सरकू लागला. "गेलो!" मकरंदराव किंचाळले, आणि ग्लेनने मागे हात टाकून त्यांची कॉलर पकडली.

काठावर दोघं ओणवे पडले. बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले. मागे वळून पाहिलं तर बेटाच्या जागी राखाडी पाणी उसळत होतं.

"तुम्हाला आधीच दिसलं होतं?" ग्लेनने विचारलं. "मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं ना. चहा पलीकडे घेऊ म्हटलं."

ग्लेनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला बघायला हवं होतं," तो म्हणाला. "माझं काम होतं ते." मग दोघं गाडीत बसले.

वाटेतल्या शेफील्ड गावाच्या अलीकडे फोनला रेंज आली आणि लगेच घंटी वाजली.

"काय मग, सापडला का मासा?" निवेदिता हसत होती. "मजा आली ना?"

मस्त, असं म्हणायला मकरंदरावांनी तोंड उघडलं. नेहमीचाच शब्द होता, पण तो येईना. दात वाजत होते.

"निवेदिता," ते म्हणाले, "मला फार भीती वाटते गं."

पलीकडचं हसू थांबलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

मकरंदरावांना रडू कोसळलं. ग्लेनने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला. मकरंदरावांनी डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली.