भिंतीपलीकडची टकटक

अख्ख्या दुबईत खरं मोजणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या भिंतीपलीकडे राहायचा. अल कुसैसच्या त्या इमारतीत आम्ही सगळे त्यांना नुसतं ‘काका’ म्हणायचो. एका क्लिनिकच्या लॅबचे ते इन्चार्ज. घरी चहाचं पाणीसुद्धा लॅबमधल्या काचेच्या नळकांड्याने मोजायचे, आणि पाहुण्याने कपात घोटभर ठेवला की तो उजेडात धरून बघायचे. “उरलेलं धरलं नाही तर प्यालेलं कसं कळणार?” असं वर विचारायचे. चालताना पावलांचा आवाज म्हणून नाही. आपण लिफ्टमध्ये एकटेच आहोत असं समजून गुणगुणावं, तर मागून यायचं, “घसा सुकलाय तुझा. पाणी कमी पितोस.” अंगावर सर्रकन काटा!

मंदी आली आणि इमारत रिकामी होत गेली. रोज कुणाची तरी नोकरी खलास. खाली पार्किंगमध्ये सोडून दिलेल्या गाड्यांवर धूळ साचली. आमच्या वरचं कुटुंब तर टीव्हीसुद्धा मागे टाकून गेलं. तरी सकाळी वरून पाइपातून पाणी उतरल्याचा आवाज यायचा. मी घाबरत घाबरत काकांना सांगितलं, तर शांतपणे म्हणाले, “हो, उठतात ते वेळेवर.”

त्यातच माझ्या रक्तात क्रिएटिनिन जास्त निघालं. किडनी बिघडली असेल तर नोकरी, इन्शुरन्स, लेकीची शाळा, सगळंच गुंडाळायची वेळ. डॉक्टर म्हणाले, रक्तावरून नुसता अंदाज येतो, चोवीस तासांची लघवी साठवून द्या; तिच्यात क्रिएटिनिन जितकं जास्त, तितकी किडनी ते नीट बाहेर टाकतेय. काकांनी मोठा कॅन दिला आणि बजावलं, “सकाळची पहिली टाकून द्यायची. ती आदल्या रात्रीची. तिथून पुढे थेंब न् थेंब धरायचा, दुसऱ्या दिवशीच्या पहिलीसकट.” पण मी पडलो मध्यमवर्गीय, दह्याचा रिकामा डबा टाकवत नाही, तिथे एवढी भरघोस सुरुवात वाया घालवायची? ओतली कॅनमध्ये. शुक्रवार, काकांना सुट्टी. दिवसभर ते भिंतीवर टकटक करून कॅनची आठवण देत होते आणि लेक ओरडत होती, “बाबा, अंकल इज नॉकिंग अगेन!”

रिपोर्ट झकास आला. बायकोने शिरा केला. तो घेऊन गेलो, तर काकांनी वाटीला हात लावला नाही.

“हा आकडा खोटा आहे. शरीर रोज किती क्रिएटिनिन टाकणार, ते अंगातल्या मांसावर ठरतं. तू काडीपैलवान, आणि निघालंय पैलवानाइतकं. त्या कॅनमध्ये तुझ्याबरोबर आणखी कुणीतरी आहे.”

मी वाटी आणखी पुढे सरकवली. मग भिंतीवर बोट टेकवून ते हळूच म्हणाले, “शुक्रवारी सकाळी तुझा फ्लश वाजला नाही.”

मी चिडलोच. “अहो काका, आलाय ना चांगला? मग राहू द्या की!”

“चांगला नकोय रे मला. तुझा हवाय.”

दुसऱ्या खेपेला माझा आला. किडनी खरंच थकली होती. मीठ सुटलं, गोळ्या लागल्या, नोकरी कशीबशी टिकली. तो पहिला आकडा कवटाळून बसला असतात तर आज डायलिसिसच्या मशीनवर असतात, असं डॉक्टर पुढे म्हणाले.

मग काकांची लॅबच बंद पडली. चिपळूणला गेले आणि वर्षाच्या आत झोपेतच वारले. त्यांच्या दाराला तेव्हापासून मालकाचं कुलूप आहे.

मला अजून दर वर्षी कॅन भरावा लागतो. सकाळी अर्धवट झोपेत मी झाकण उघडतो, आणि पलीकडून टकटक येते. बायको म्हणते, पाइप असेल. असेल बापडा. मी आपला पहिली टाकतो, फ्लश मुद्दाम जोरात दाबतो आणि भिंतीला सांगतो, “टाकली हो काका.” टकटक थांबते. भीती वाटायची ती मला तेव्हाच वाटते, की पुढच्या वर्षी टकटक आलीच नाही तर?